आजीला विचारणाऱ्या मिस्त्री भाऊंना

मिस्त्री भाऊ,
नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. उमरेड रोडनं दिघोरी ओलांडली की कडुलिंबाखाली तुमचं गॅरेज, एवढंच सांगता येतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आम्ही तिथूनच मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जातो, पण तेव्हा तुमचं शटर बंद असतं. परतताना आई डायलिसिसनं गळून शेजारच्या सीटवर डोळे मिटून पडलेली असते, थांबवत नाही. म्हणून हे पत्र. तुमच्या ओळखीचं कोणी वाचलं तर पोचवील.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू होता, दुपारचे दोन. इंजिनच्या गरमीचा काटा लाल रेघेला टेकला तशी गाडी तुमच्या झाडाखाली घातली आणि तुमच्याशी जरा फटकूनच बोललो. माफ करा. या गाडीला हात लावणारे तुम्ही चौथे होतात. पहिल्यानं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनच्या पाण्याची गरमी ओळखून त्याची वाट उघडणारी झडप, बदलला. दुसऱ्यानं रेडिएटर उतरवून साफ केला, बिल घेतलं, आठ दिवसांत गाडी पुन्हा तापली. तिसरं गॅरेज ते काचेचं, एसीतलं. तिथं कॉफी फुकट मिळते. इंजिनचं हेड उतरवावं लागेल, ३०,००० रुपये, दहा दिवस. दहा दिवसांत आईची तीन डायलिसिसं येतात म्हटलं, तर काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "टॅक्सी करा ना सर."

तुम्ही आधी बॉनेट उघडलंच नाही. आईच्या बाजूचं दार उघडून विचारलंत, "आजी, गाडीत कायचा वास येते का जी?"

"येते ना बापा, पाकासारखा. केव्हाची सांगून राहिली मी. चपलाही चिकट होते."

खरंच सांगत होती, तीन आठवड्यांपासून. मी म्हणायचो, आजारानं हिच्या तोंडाची चव गेली, आता नाकही गेलं. समोरची काच आतून धुकट व्हायची, तेही मी एसीच्या माथी मारलं होतं.

तिच्या पायाखालची मॅट उचलून तुम्ही बोट लावलंत, हुंगलंत. "कूलंट आहे हे. हीटरची जाळी फुटली." डॅशबोर्डच्या पोटात असा एक छोटा रेडिएटर असतो, त्यातूनही इंजिनचं गरम पाणी फिरतं, हे मला चौदा वर्षं गाडी चालवून माहीत नव्हतं. बाहेर एक थेंब नाही, सगळं आत, आईच्या पायाशी.

पुढचं काम तुमच्यासाठी रोजचंच असेल. हीटरला जाणारा आणि हीटरकडून येणारा, दोन्ही पाइप काढून वॉटर पंपावरच एका वळणदार पाइपनं तोंडाला तोंड जोडलंत. सरळ बूच का मारत नाही, असं मी शहाणपण केलं. "फिरतं पाणी आहे भाऊ, फिरू द्या. काही इंजिनात ते अडवलं तर थर्मोस्टॅटले गरमीच कळत नाही." आणि हीटर? तुम्ही आभाळाकडे बघून हसलात. "मे महिन्यात नागपुरात हीटर कोण लावते जी?"

पण त्याआधी इंजिन निवेपर्यंत तासभर थांबावं लागलं होतं. हे पत्र त्या तासाबद्दल आहे. आईला तुम्ही खाटेवर निजवलंत, कूलर तिच्याकडे वळवलात. मग तिच्या चपला उचलल्यात आणि नळाखाली साबणाच्या पुडीनं घासून धुतल्यात. पट्ट्याच्या आतूनसुद्धा. मी "अहो, मी धुतो" म्हणत उठलो तर तुम्ही ऐकलंच नाही. सुकवून खाटेखाली अशा ठेवल्यात की तिनं पाय सोडले की थेट चपलेत जातील. मॅट धुतल्यावर वाहिलेल्या पाण्यावर माती टाकलीत. "कुत्रं चाटते, गोड लागते त्याले. मरते मग."

दोन वर्षं झाली, आईला लोक उठवतात, निजवतात, टोचतात. वाईट कोणीच नाही, सगळे घाईत. तिला काही विचारायचं असलं तर मला विचारतात. त्या दुपारी तिला थेट विचारलं गेलं, आणि तिचं उत्तर बरोबर निघालं. घरी पोचेपर्यंत ती झोपली नाही. "मी सांगितलं म्हणून सापडलं," हे तिनं त्या रात्री तीन जणांना फोन करून सांगितलं.

पाइप, क्लिपा, कूलंट, मजुरी मिळून तुम्ही १,१०० रुपये घेतलेत. हे कायमचं नाही, थंडीत डॅशबोर्ड उघडून जाळी बदलू, हेही आपणहून सांगितलंत. सगळेच मिस्त्री तुमच्यासारखे नसतात, हे मला ठाऊक आहे. ते तुम्हीच हसत हसत सांगितलंत. तरी त्या दिवसापासून गुळगुळीत फरशीचं गॅरेज दिसलं की मी गाडी पुढे काढतो.

काटा तेव्हापासून मध्यावर आहे. डिसेंबरात येतो. आईनं यंदाच्या कुरडया तुमच्यासाठी वेगळ्या डब्यात काढून ठेवल्यात, आणि मला डब्याला हात लावायची बंदी आहे.

तुमचा,
आजीचा मुलगा