मनूस, टॉर्चबद्दल

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एवढंच विचारलंस, "बाबा, ४००० ल्युमेनचा टॉर्च बघितलाय, घेऊ का?" आणि मी म्हणालो, "पोस्टिंगला चाललीयस की रोषणाई करायला?" तू जराशी थांबलीस, "बरं, ठेवते" म्हणालीस आणि फोन ठेवलास. आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीये. तिचं बरोबर आहे. पोरगी पंधरा दिवसांनी निघणार, आपण होऊन बापाला काही विचारतेय आणि बाप हे असं उत्तर देतो. माझं चुकलं. आता नीट उत्तर देतो. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

ठरवून बसलोय की फक्त टॉर्चबद्दल लिहायचं, बाकी काही नाही.

आधी ते ४००० ल्युमेन, म्हणजे टॉर्चच्या एकूण उजेडाचा आकडा. खोक्यावरचा आकडा खोटा नसतो, पण तो सुरुवातीचा असतो. टॉर्च मुठीत मावण्याएवढा आणि आत एवढी ताकद, त्यामुळे तो तापतो आणि तापला की आतलं सर्किट आपोआप उजेड खाली आणतं. मिनिट-दोन मिनिटांत ४००० चे हजारभर उरतात, कधी त्याहून कमी. मग खोक्यावर 'इतके तास चालतो' असं कसं लिहितात? अमेरिकेत २००९ साली टॉर्च मोजायचं एक मानक ठरलं, एफएल-१ नावाचं. त्यात टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी जो उजेड असेल तो १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा सगळा वेळ 'चालण्याचा वेळ' म्हणून धरतात. म्हणजे पहिल्या दोन मिनिटांनंतर तो १० टक्क्यांच्या जरा वर मिणमिणत राहिला तरी तास मोजले जातात. म्हणून आकडा बघू नकोस, आलेख बघ. चांगली कंपनी उजेडाचा आणि वेळेचा आलेख छापते. रेघ सपाट चालली असेल तर तो टॉर्च कामाचा.

झोत किती लांब जातो तेही तसंच. खोक्यावर ४०० मीटर लिहिलेलं असतं, ते कुठपर्यंतचं? जिथे उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंतचं. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्री पौर्णिमेचं चांदणं असतं साधारण तेवढा. तेवढ्यात माणूस उभा आहे एवढं कळेल, कोण आहे ते कळणार नाही. ४०० लिहिलं असेल तर कामाचे दीडशे-दोनशे धर. आणि ल्युमेनपेक्षा कँडेला बघ. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड, कँडेला म्हणजे तो एका दिशेला किती एकवटलाय. १०,००० कँडेलाला २०० मीटर, ४०,००० ला ४०० मीटर. चौपट ताकदीला अंतर दुप्पटच वाढतं. तुला तंबूत, वाटेवर, हातातल्या कामासाठी लागणार तो पसरट उजेड. लांबचा झोत क्वचित लागेल.

आणि मनू, जो झोत तुला ४०० मीटरवरचं दाखवतो, त्याचा उगम त्याच्या कितीतरी पटीने लांबून दिसतो. तू काय बघतेयस त्यापेक्षा तुला कोण बघतंय हे… जाऊ दे. हे लिहायचं नव्हतं.

बटणाकडे वळतो. बटण मागच्या टोकाला असलेला घे. अंगठा आपोआप तिथे जातो, जाड हातमोज्यातसुद्धा सापडतं. अर्धवट दाबलं की लागावा, सोडलं की विझावा, पूर्ण दाबलं तरच कायम राहावा. अंगावरच्या छोट्या बटणाचे टॉर्च दिसायला सुबक, पण अंधारात ते चाचपडत शोधावं लागतं. लागताना आधी सगळ्यात मंद उजेड यावा. एका दाबात पूर्ण झोत आणि दोन दाबात लुकलुक असले प्रकार मला पटत नाहीत. लुकलुकीने समोरचा गोंधळतो म्हणतात, पण धुक्यात नाहीतर पावसात ती आपल्याच डोळ्यांवर परत येते. पूर्ण झोतही तसाच परततो. धुकं असेल तेव्हा टॉर्च कपाळापाशी धरू नकोस, कमरेपाशी धर आणि उजेड कमी ठेव. हे मी केलेलं आहे, वाचलेलं नाही.

पंपहाऊसची ती रात्र तुला कधी सांगितली नाही. तू तेव्हा चार वर्षांची होतीस. जोरात पाऊस, दोन नंबरचा पंप बंद पडला आणि मी खाली उतरायला निघालो. पिशवीत हात घातला तर टॉर्च कोमट लागला. तेवढ्यावरून कळलं. पान्याने बटण दाबलं गेलं होतं आणि तो आतल्या आत किती वेळ जळत होता कोण जाणे. शिडीवर पाय ठेवून बटण दाबलं, तर तार लाल होते तेवढा उजेड, आणि मग तोही नाही. खाली पाण्याचा आवाज येत होता आणि पाणी कुठवर चढलंय ते दिसत नव्हतं. शिडीला चौदा पायऱ्या. रोज उतरायचो म्हणून आकडा पाठ होता. तोंडाने मोजत परत वर आलो. बाराव्या पायरीचा नट ढिला होता, तो हाताला लागला तेव्हा कळलं की आता दोनच उरल्या.

त्या रात्रीपासून मी दोन टॉर्च ठेवले, आणि मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवायची सवय लावून घेतली. तुला हेच सांगायचंय. धातूच्या अंगाच्या बऱ्याच टॉर्चमध्ये आट्यांवर ऑक्साइडचा थर असतो आणि त्यातून वीज जात नाही. झाकण जरासं सैल केलं की जोडणीच तुटते, मग बटण कितीही दाबलं जावो, लागत नाही. काहींमध्ये बटण दाबून ठेवून कुलूप लावायची सोय असते. ती कमी भरवशाची, शिवाय तसल्या टॉर्चचा सेल नुसता पडूनही हळूहळू उतरत असतो. घ्यायच्या आधी दुकानातच बघ, झाकण पाव फेरा सैल केल्यावर लागतो का. लागला तर परत ठेव.

माझा टॉर्च पिशवीत लागला तेव्हा सेल गेला, एवढंच. तुझा खिशात लागला तर कापडातून दिसेल. ल्युमेन जास्त असतील तर कापड जळेलही, पण मला कापडाची काळजी नाही.

तू दुसरीत होतीस, पांघरुणात टॉर्च घेऊन गोष्टीचं पुस्तक वाचायचीस. आम्हाला कळत नाही असं तुला वाटायचं. मी रात्रपाळीहून लवकर आलो की दारातूनच दिसायचं. सगळ्या खोलीत अंधार आणि तुझं पांघरूण आतून कंदिलासारखं पिवळं. पान उलटताना तुझ्या हाताची सावली त्यावर मोठी होऊन सरकायची. मी मुद्दाम चपला वाजवायचो, मग तो पिवळेपणा एकदम विझायचा. दहा मिनिटांनी परत. आईला मी कधी सांगितलं नाही. तुला वाटायचं, आपण लपलोय. परवा तू ४००० म्हणालीस तेव्हा मला ते पांघरूण दिसलं, आणि मी तोंडाला येईल ते बोललो.

तुला ट्रेनिंगमध्ये प्रकाशशिस्त, म्हणजे रात्री आपला उजेड शत्रूला दिसू न देणं, शिकवली असेल. माझ्यापेक्षा शंभरपट चांगली शिकवली असेल. कुठे टॉर्च लावायचा, कुठे नाही, कोणता न्यायचा, हे तुझे वरिष्ठ सांगतील आणि तेच शेवटचं. मी बाप म्हणून बोलतोय. माझ्या बोलण्याला तिथे काही जागा नाही, हे मला समजतं.

तरी लाल उजेडाचं एकदा सांगू दे. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ते क्षणात जातं. लाल उजेडाने फार बिघडत नाही, कारण अंधारात बघणाऱ्या पेशींना गडद लाल जवळजवळ कळतच नाही. म्हणून लालची सोय असलेला घे, पण लालही अगदी मंद हवा. नकाशावरच्या लाल आणि तपकिरी रेघा मात्र लाल उजेडात पुसट होतात, उंचीच्या रेषा तपकिरीच असतात, तेव्हा नकाशा आधी दिवसा बघून ठेव. आणि लाल म्हणजे आपण दिसत नाही, असं कधी समजू नकोस. रात्री बघायच्या दुर्बिणींना लाल चांगलं दिसतं. बघ, आलोच पुन्हा तिथे.

सेलचं महत्त्वाचं आहे. आत कायमची बसवलेली बॅटरी असेल तो घेऊ नकोस. काढता येणारा सेल हवा. १८६५० नावाचा मिळतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, चार्ज करता येतो. पण हा लिथियम-आयन शून्य अंशाखाली चार्ज करायचा नाही, आतून कायमचा बिघडतो. थंडीत तो लवकर मान टाकतो, म्हणून जादा सेल अंगाजवळच्या खिशात ठेव, झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घे. सुटा ठेवू नकोस, डबीत ठेव. किल्लीला टेकला तर पेट घेऊ शकतो. विमानात सुटे सेल हातातल्या सामानात न्यायचे, खाली द्यायच्या बॅगेत नाही.

याशिवाय सीआर १२३ म्हणून एक ३ व्होल्टचा सेल येतो, एकदाच वापरायचा. दहा वर्षं पडून राहिला तरी चालतो आणि थंडीलाही टिकतो. तुझ्या टॉर्चला असे दोन चालतात का, ते माहितीपत्रकात बघ. सगळ्यांना चालत नाहीत. दोन घातलेस तर दोन्ही एकाच वेळचे नवे घाल, जुना-नवा एकत्र नको, फुटतात. साधे अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये घालून ठेवून देऊ नकोस. माझा जुना टॉर्च तसाच गेला, आत पांढरी खरपुडी चढली आणि झाकण अजून उघडत नाही.

पाणी, धूळ, पडणं यावर थोडक्यात. आयपी म्हणजे धूळ-पाणी किती अडतं त्याचा दर्जा, आयपी ६८ असेल तर उत्तम. आयपीएक्स ८ मधला एक्स म्हणजे धुळीची चाचणी केलेली नाही. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. खोक्यावर मिल-स्टँडर्ड ८१०, म्हणजे अमेरिकन लष्कराचं मानक, लिहिलेलं दिसलं की लगेच हुरळू नकोस, तो चाचण्यांचा मोठा संच आहे, त्यातली कोणती केली ते लिहिलंय का बघ. पाणी अडवते ती झाकणाखालची रबरी रिंग. महिन्यातून एकदा पुसून तिला सिलिकॉन ग्रीस लाव. वाळली की तडकते, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

खूप झालं. तू एक प्रश्न विचारलास आणि मी वर्ग घेतला. दादाच्या वेळी मी काहीच बोललो नाही, म्हणून तुझ्या वेळी जास्त बोलतोय, असं आई म्हणते. असेलही. आत्या मात्र सगळ्यांना सांगत सुटलीय की आमची मनू निघाली. गुडघा दुखत असताना दोन मजले चढून वरच्यांना सांगून आली. मी कुणाला सांगत नाही, पण कुणी विचारलं तर माझी मान जरा वर होते, ते मला कळतं.

अजून एक, आणि हे पाठ कर. डोंगरात अडकलीस तर मिनिटात सहा वेळा उजेड दाखवायचा, मग एक मिनिट थांबायचं, मग परत सहा. पलीकडून उत्तर आलं तर मिनिटात तीन वेळा येतं. हा इशारा डोंगरात सगळीकडे ओळखतात. अर्थात जिथे दिसून चालणार असेल तिथेच. ते तुला माझ्यापेक्षा कळतं.

तेव्हा टॉर्च हजार ल्युमेनचा असला तरी खूप झाला. मंद उजेड १ ल्युमेनच्या आसपास, मागचं बटण, सैल झाकणावर न लागणारा, काढता सेल. आणि दुसरा एक छोटा, बोटाएवढा, वेगळ्या खिशात. ४००० चाच आवडला असेल तर तोही घे, तुझी निवड आहे. फक्त झाकणाचं बघून घे.

तू आलीस की दिवाणखान्यातले दिवे घालवून दोघं मिळून बघू. तू खिशात ठेवून चाल, वाक, पाठपिशवी चढव-उतरव. मी दारात उभा राहतो आणि दिसतो का सांगतो.

तुझा,
बाबा

ता. क. रबरी रिंगा चार आणि ग्रीसची छोटी डबी आणून ठेवली आहे. आईने ती तुझ्या मोज्यांच्या कप्प्यात टाकलीय, शोधत बसू नकोस.