आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : पुण्याच्या सरकारी रुग्णालयांना संसर्गजन्य रोगतज्ज्ञ द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पुण्यातील सरकारी व महापालिका रुग्णालयांत संसर्गजन्य रोगतज्ज्ञांची कायमस्वरूपी पदे निर्माण करण्याबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

मी धायरी परिसरात जनरल प्रॅक्टिस करते. माझे रुग्ण म्हणजे रिक्षावाले, सेंट्रिंगच्या कामावरचे मजूर, सोसायट्यांत धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका आणि गावठाणातली जुनी कुटुंबे. या सगळ्यांच्या वतीने माझी एकच मागणी आहे. नायडू, ससून, कमला नेहरू आणि औंधचे जिल्हा रुग्णालय या चारही ठिकाणी संसर्गजन्य रोगांचा प्रशिक्षित तज्ज्ञ पूर्णवेळ असावा. तो कंत्राटी नको, साथीपुरता नको, प्रतिनियुक्तीवर आणलेलाही नको. त्याचे पद आकृतिबंधात, म्हणजे मंजूर कायम पदांच्या यादीत, असावे.

ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, औंध आपल्याकडे, नायडू आणि कमला नेहरू महापालिकेकडे, हे मला माहीत आहे. ताप आलेल्या माणसाला मात्र या खात्यांतला फरक माहीत नसतो, आणि जंतूला तर नसतोच. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. बाकीच्या दोघांना एका टेबलाशी बसवू शकेल असे खाते आपलेच आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण निघू लागले. आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरांकडे येणारी तक्रार साधी असायची. "पायातली चप्पल निसटते आणि मला कळतच नाही", "जिना चढताना रेलिंगला धरून ओढून घ्यावं लागतं." खोदून विचारले की कळायचे, आठ-पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते. दोन दिवसांत थांबले म्हणून घरचे ते विसरूनही गेले होते. कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे कधी कधी स्वतःच्याच नसांवर उलटतात. अशक्तपणा पायांपासून वर चढत जातो, आणि छातीच्या स्नायूंपर्यंत पोचला तर व्हेंटिलेटर लागतो. त्या साथीत रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली आणि काही माणसे दगावली.

उपचाराचा हिशोब पाहा. इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे) द्यायचे तर वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या, पाच दिवसांत. शासनाने आणि महापालिकेने तेव्हा मोफत उपचारांची सोय केली, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. कित्येक घरांतले दागिने त्यामुळे गहाण पडायचे वाचले. पण त्या धावपळीत जी उणीव जाणवली, ती पैशांच्या मदतीने भरून निघणारी नव्हती.

कॅम्पिलोबॅक्टर नेहमीच्या शौचाच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहण्याच्या तपासणीत, उगवत नाही. त्याला वेगळे माध्यम लागते, ४२ अंश तापमान लागते आणि ऑक्सिजन कमी असलेली हवा लागते. म्हणजे प्रयोगशाळेला आधी कुणीतरी सांगावे लागते की हा जंतू शोधा. हे सांगणारा डॉक्टर रुग्णाच्या खाटेजवळ असला पाहिजे. एकाच आठवड्यात एकाच भागातून जुलाबानंतरच्या अशक्तपणाचे तीन रुग्ण आले, तर चौथ्याची वाट न पाहता पाणीपुरवठा विभागाला फोन करून विहिरीच्या पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन आहे का ते पाहणारी चाचणी) करायला लावणारा माणूसही तोच असायला हवा. महापालिकेत साथरोग विभाग आहे, तिथली माणसे राबतात. पण त्यांचे काम आकडे गोळा करणे, सर्वेक्षण, धूरफवारणी आणि नोटिसा. खाटेवरच्या एका रुग्णावरून गावातल्या विहिरीपर्यंत माग काढणे ही वेगळी विद्या आहे. तिचे शिक्षण वेगळे असते.

एमबीबीएस, मग मेडिसिनमध्ये एमडी, आणि त्यावर संसर्गजन्य रोगांतला तीन वर्षांचा डीएम हा अतिविशेष अभ्यासक्रम. असे शिकलेले डॉक्टर देशात फार थोडे आहेत. पुण्यात जे आहेत, त्यांना भेटायचे तर बहुधा मोठ्या खासगी रुग्णालयाची पायरी चढावी लागते.

एका रुग्णाविषयी सविस्तर लिहिते, कारण हा तज्ज्ञ नेमके काय करतो हे त्यावरून कळेल. खेड शिवापूरकडचा एक शेतकरी, घरी चार-पाच जनावरे, दूध घालायचा. त्याला संध्याकाळी ताप यायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचे आणि कंबर दुखायची. आधी गावात सलाइन झाले, मग एका नर्सिंग होममध्ये ॲडमिट. विडाल ही टायफॉइडसाठीची रक्ततपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली, टायफॉइड म्हणून इंजेक्शने झाली. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवू नये, हे आम्हा डॉक्टरांना शिकवलेले असते, तरी गल्लोगल्ली तेच चालते. ताप उतरेना. एमआरआयमध्ये मणक्याला सूज दिसली, तेव्हा दुसऱ्या एका रुग्णालयाने नमुना न काढताच मणक्याचा टीबी म्हणून गोळ्या चालू केल्या. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याची फाइल उशीएवढी जाड झाली होती, आणि तीत रक्ताचे कल्चर एकदाही नव्हते. मी त्याला एका खासगी रुग्णालयातल्या संसर्गजन्य रोगतज्ज्ञांकडे पाठवले.

त्यांनी पहिली पंधरा मिनिटे फाइल उघडलीच नाही. काय करता, काय खाता, दूध कच्चे पिता का, गोठ्यात कोण जाते, असे विचारत राहिले. मग म्हणाले, "एवढ्यात कुठली गाय गाभडली का?" गाभडली होती, म्हणजे तिचा गर्भ पडला होता, दोन वेळा. वार यानेच हाताने काढली होती. तपासणीत ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांपासून माणसाला होणारा जंतुसंसर्ग, निघाला. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन कित्येक आठवडे घेतल्यावर ताप गेला, कंबरही सुधारली. औषधे अगदी साधी, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी. पण तोवर त्याने एक गाय विकली होती आणि सोसायटीचे कर्ज काढले होते. विकलेली गाय कुणाच्या गोठ्यात गेली हा प्रश्नही त्या तज्ज्ञांनीच विचारला, कारण रोग तिच्याबरोबर गेला असण्याची शक्यता होती.

महोदय, एवढे प्रश्न विचारायला वेळ लागतो आणि त्यांचे बिल होत नाही. ना स्टेंट, ना शस्त्रक्रिया, ना रोबोट. खासगी रुग्णालयाच्या हिशोबात हा डॉक्टर फारशी कमाई आणून देत नाही, उलट महागडी अँटिबायोटिक बंद करून बिल कमीच करतो. बाजाराच्या भरवशावर तो गरिबापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच तो सरकारी सेवेत हवा.

अँटिबायोटिकचा विषय निघालाच आहे. सेफिक्झिम, सेफ्ट्रायाक्झोन, मेरोपेनेम ही अँटिबायोटिक 'शेड्यूल एच-वन' या कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहेत. मार्च २०१४ पासून नियम आहे की औषध विक्रेत्याने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले याची वेगळी नोंद ठेवायची आणि ती तीन वर्षे जपायची. तरीही दोन दिवसांच्या तापाला सेफिक्झिम घेऊन आलेले रुग्ण मी रोज पाहते. आयसीयूत तर ताप आला की मेरोपेनेम, नाही उतरला की शेवटचा उपाय म्हणून राखलेले कॉलिस्टिन, अशी चढती पायरी ठरून गेली आहे. रक्ताचे कल्चर घ्यायचे ते पहिला डोस देण्याआधी. मोठ्या माणसाचे आठ-दहा मिलिलीटर रक्त एका बाटलीत, दोन वेगवेगळ्या जागांवरून, आणि बाटली लवकरात लवकर लॅबमध्ये. प्रत्यक्षात बाटली शोधेपर्यंत सलाइनमधून अँटिबायोटिक गेलेले असते, आणि मग "नो ग्रोथ" असा रिपोर्ट येतो. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावल्याचा अंदाज आहे. आपल्या वॉर्डांत रोज संध्याकाळी फिरून "हे औषध बंद करा, हे तोंडावाटे द्या, याचे कल्चर परत पाठवा" असे अधिकाराने सांगणारे कुणी नसेल, तर त्यात आपली भर पडतच राहील. एखाद्या कनिष्ठ निवासी डॉक्टरने असे म्हटले तर त्याचे ऐकत नाहीत. त्यासाठी पद लागते.

पुण्याला साथी नव्या नाहीत. १८९७ च्या प्लेगमध्ये याच शहरात, आपला दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुल्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, ३ ऑगस्ट २००९ रोजी, शाळेत जाणाऱ्या मुलीचा. त्यानंतरचे काही दिवस नायडूबाहेर लागलेली रांग अनेकांच्या लक्षात असेल. राज्यातले कोविडचे पहिले रुग्णही ९ मार्च २०२० रोजी नायडूतच दाखल झाले. दुसऱ्या लाटेनंतर मधुमेही रुग्णांत म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) आला आणि अॅम्फोटेरिसिन या त्यावरच्या औषधासाठी नातेवाईक शहरभर वणवण फिरले. राज्यातला डासांमुळे पसरणाऱ्या झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि २०२४ मध्ये झिका एरंडवण्यात आला. प्रत्येक वेळी तातडीची बैठक होते, खाटा वाढतात, कंत्राटी डॉक्टर घेतले जातात. साथ ओसरली की कंत्राट संपते आणि शिकलेले हात पांगतात. पुढच्या साथीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

याच शहरात १९५२ पासून विषाणू संशोधन चालू आहे, ती संस्था म्हणजे आजची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था). हडपसरला १९६६ पासून सीरम इन्स्टिट्यूट लस बनवते आहे. भोसरीत १९९२ पासून एड्सवरची राष्ट्रीय संस्था आहे. बी. जे. मेडिकल आहे, लष्कराचे वैद्यकीय महाविद्यालय एएफएमसी आहे, आणि २०२२ पासून महापालिकेचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. संसर्गजन्य रोगांचा डॉक्टर घडवायला याहून सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी मला तरी दिसत नाही. डीएमच्या जागा मंजूर व्हायला वेळ लागेल, हे समजू शकते. तोवर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत एक वर्षाची फेलोशिप सुरू करता येईल. सरकारी सेवेतल्या एमडी मेडिसिन आणि एमडी मायक्रोबायोलॉजी झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पूर्ण पगारी रजेवर तिथे पाठवावे आणि परत आल्यावर त्याच पदावर ठेवावे. शिकून आलेल्याला सहा महिन्यांत दुसऱ्या तालुक्यात बदलीवर धाडले तर सगळे पाण्यात जाईल.

एकटा तज्ज्ञ नेमून भागणार नाही, हेही सांगायला हवे. त्याच्या पाठीशी रात्रीही चालणारी मायक्रोबायोलॉजी लॅब लागेल आणि संसर्ग नियंत्रणासाठी वेगळी नेमलेली परिचारिका लागेल, जिला इतर वॉर्डांची ड्युटी लावली जाणार नाही. रुग्णालयात येऊन जडणारे संसर्ग रोखण्याचे निम्मे काम ही परिचारिकाच करते. कॅथेटर कधी घातला, किती दिवस राहिला, ड्रेसिंग कुणी केले, हात धुतले का, हे ती बघते.

प्रतिबंधाचेही काम याच विभागाकडे द्यावे. मोठ्यांच्या लसीकरणाकडे कुणी पाहत नाही. प्लीहा काढलेल्या, डायलिसिसवर असलेल्या, केमोथेरपी घेणाऱ्या माणसाला न्यूमोकॉकल (न्यूमोनियाच्या जंतूवरची) आणि हिपॅटायटिस बी लस कुठे मिळेल, हे विचारायला माझे रुग्ण माझ्याकडे येतात. मी खासगी सेंटरचा पत्ता देते आणि किंमत ऐकून ते परत येतात. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांसाठी टायफॉइडची कॉन्जुगेट लस मोहीम स्वरूपात दिली. पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांत, जिथे पाण्याचा भरवसा नाही, तिथे ती का देता येऊ नये? आषाढी वारीला दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी असतात आणि लाखो वारकरी इथले पाणी पितात. वारीतल्या प्रत्येक टँकरच्या पाण्यात क्लोरिन किती आहे याची जबाबदारी एका नावानिशी माणसावर असली, तर जुलाबाची साथ पंढरपूरपर्यंत चालत जाणार नाही.

आपल्याकडे रोज शेकडो निवेदने येतात, म्हणून शेवटी मोजकेच मागते. या चार रुग्णालयांत संसर्गजन्य रोगतज्ज्ञाचे पद आज मंजूर आहे का, मंजूर असल्यास ते भरलेले आहे का, आणि नसल्यास पदनिर्मितीचा प्रस्ताव वित्त विभागाकडे कधी जाणार, एवढे आपण लेखी जाहीर करावे. पावसाळ्याआधी वैद्यकीय शिक्षण खाते, महापालिका आयुक्त आणि आपले अधिकारी यांची पुण्यात एकत्र बैठक लावावी. तिला शहरातल्या फॅमिली डॉक्टरांनाही बोलवावे. ताप घेऊन माणूस आधी आमच्याच दारात येतो. पुढे कुणाकडे पाठवायचे, हे आम्हाला ठाऊक असले पाहिजे.

आपली नम्र,
सिंहगड रस्त्यावरील एक फॅमिली डॉक्टर
पुणे