ताई, ते देणं होतं, देणगी नव्हती

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

परवा कर्ज देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं, म्हणजे मेहुण्यांचं नाव जामीनदारीतून काढून टाकल्याचं त्यात दोन ओळींत लिहिलंय. आपल्या समझोत्याच्या कागदावरचं ते शेवटचं राहिलेलं कलम. बाकी सगळं त्याआधीच पार पडलं होतं, पण हे पत्र हातात पडेपर्यंत तुमचे आभार मानायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. काम पुरं व्हायच्या आधी मानलेले आभार तुम्हाला आवडले नसते.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडपणे लिहितोय. तुमचं नाव घालू नका म्हणालात, नाही घातलं. धाकटीने आणि मेहुण्यांनी मसुदा वाचलाय, एका ठिकाणी दुरुस्तीही केलीय. घरची माणसं कामाला असलेले छोटे धंदे किती असतील! 'काढलं तर काय द्यायचं' हा प्रश्न त्यातल्या फार थोड्यांनी आधी विचारलेला असतो. आम्हीही विचारला नव्हता.

मेहुण्यांना कामावरून काढल्याच्या वादात तुम्ही मध्यस्थ म्हणून आलात तेव्हा तो पेटून चार महिने झाले होते. मेहुणे ११ वर्षं आमच्याकडे खरेदी आणि गोदाम सांभाळत होते. नेमणुकीचं पत्र नाही. पगार ठरलेला, पण कधी दोन तुकड्यांत, कधी पुढच्या महिन्यात. त्यांच्या गाडीचा हप्ता परस्पर धंद्याच्या खात्यातून जायचा. 'घरचंच आहे' या दोन शब्दांवर ११ वर्षं हिशेब चालला. मग काम निम्म्यावर आलं, गोदाम छोटं केलं, आणि मी त्यांना सांगितलं की पुढच्या महिन्यापासून येऊ नका. सांगितलं तेही घरी, सगळे बसलेले असताना. धाकटी पाणी आणायला म्हणून आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही.

त्यांनी ११ वर्षांची भरपाई मागितली. मी म्हणालो, इतकी वर्षं तुम्हाला सांभाळलं ते काय होतं? या वाक्याची मला आजही लाज वाटते. पण तेव्हा ते मला अगदी खरं वाटत होतं. मी देणारा, ते घेणारे, असंच चित्र डोक्यात पक्कं बसलं होतं.

तुम्ही आल्या आल्या कोणाची बाजू बरोबर हे विचारलंच नाहीत. कोरा कागद घेतलात आणि एकमेकांवर चढलेली तीन वर्तुळं काढलीत: घर, मालकी, काम. हार्वर्डमध्ये रेनाटो टाग्युरी आणि जॉन डेव्हिस यांनी १९७८ मध्ये मांडलेली ही आकृती, असं तुम्ही नंतर सांगितलंत. तीन वर्तुळांच्या सात जागा होतात, आणि कुटुंबातल्या धंद्यातला प्रत्येक माणूस त्यातल्या कुठल्या ना कुठल्या जागेवर उभा असतो. मी मधोमध, तिन्हीत. मेहुणे घर आणि कामात, मालकीत नाहीत. धाकटी घर आणि मालकीत, कारण वडिलांच्या पश्चात तिचा हिस्सा धंद्यात आहे, पण ती कामाला नाही. बराच वेळ मी त्या कागदाकडे बघत राहिलो. चार महिने आम्ही तिघं भांडत होतो आणि तिघांचं भांडण वेगवेगळं होतं. मेहुणे पगाराबद्दल बोलत होते, धाकटी हिश्शाबद्दल घाबरली होती, आणि मी थोरला भाऊ म्हणून दुखावलो होतो.

मग तुम्ही मला एकट्याला विचारलंत, "काम कमी झालं म्हणून काढलं, की कामात कसूर झाली म्हणून?" मी दोन्ही म्हणालो. तुम्ही म्हणालात, दोन्ही नाही चालणार, एक सांगा. खरं तर त्यांच्या कामाबद्दल ११ वर्षांत माझी एकही लेखी तक्रार नव्हती. कामचुकार हा शब्द मी वापरायला लागलो तो त्यांनी भरपाई मागितल्यानंतर. तुम्ही ते बोलून दाखवलं नाहीत. तारखा विचारत गेलात, आणि उत्तरं देता देता माझं मलाच कळलं.

या प्रश्नावर एवढं का अडलं होतं, हे तुम्ही समजावलंत ते इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८२ चा १५८ क्रमांकाचा करार सांगतो की कामावरून काढायला योग्य कारण हवं आणि ते माणसाच्या क्षमतेशी, वागणुकीशी किंवा धंद्याच्या गरजेशी जोडलेलं हवं. वागणुकीचं कारण लावायचं तर आधी त्या माणसाला आपली बाजू मांडायची संधी द्यायची. पूर्वसूचना द्यायची, नाहीतर तिच्या बदल्यात पैसे. आणि काढताना द्यायची भरपाई नोकरीची वर्षं आणि पगार यांवर मोजायची. हा करार सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, आणि आस्थापना किती लहान यावरूनही काहींना त्यातून वगळता येतं. शेवटी जिथला कायदा तिथे लागू. म्हणून तुम्ही आम्हा दोघांना वेगवेगळ्या वकिलांकडे पाठवलंत आणि कायद्याने किमान काय बसतं तेवढं लिहून आणायला सांगितलंत. "मी दोघांची वकील होणार नाही," हे तुमचं वाक्य तेव्हा मला कोरडं वाटलं होतं. मेहुण्यांचा तुमच्यावर विश्वास बसला तो मात्र त्याच वाक्याने. हे त्यांनीच मला सांगितलं.

कायद्यातलं किमान कळल्यावरही एक प्रश्न उरत होता, आणि तो तुम्ही फार साधेपणाने सोडवलात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडून एक बाहेरचा कामगार कमी केला होता, त्याला काय दिलं, असं विचारलंत. त्याला पूर्वसूचनेचा पगार आणि दर वर्षामागे ठरावीक दिवसांचा पगार दिला होता, रजेचे पैसेही. कागद होता, सही होती. "मग नातं आहे म्हणून यांना कमी का?" मी गप्प. थोड्या वेळाने मेहुण्यांना उलट बाजूने तेच विचारलंत: नातं आहे म्हणून जास्त का? तेही गप्प झाले. मोजपट्टी एकच ठेवायची, आणि नात्यापोटी वर काही द्यावंसं वाटलं तर ते वेगळ्या कागदावर, वेगळ्या नावाने. त्या दिवसानंतर आमच्यात रकमेवरून आवाज चढला नाही.

पगार म्हणजे नेमका किती, हे ठरवायला मात्र दोन बैठका गेल्या. भरपाई पगारावर मोजायची, आणि आमचा पगार तर तुकड्या-तुकड्यांत विखुरलेला. गाडीचा हप्ता पगारात धरायचा का? मी नाही म्हणत होतो. तुम्ही सहा वर्षांचे खातेउतारे मागवलेत. हप्ता एकही महिना चुकला नव्हता, आणि तो सुरू झाला त्याच महिन्यात त्यांची पगारवाढ थांबली होती. म्हणजे वाढ मी हप्त्याच्या रूपाने दिली होती. धरावाच लागला.

आणि ती वही. ती गोष्ट लिहू की नको यावर चार दिवस काढले. उचल म्हणून मी तीन रकमा कापायला निघालो होतो. तुम्ही वही खिडकीपाशी नेलीत, चष्मा वर केलात आणि बराच वेळ एकाच पानाकडे पाहत राहिलात. मग हळूच म्हणालात, "तीनही ठिकाणी रक्कम निळ्या शाईत आहे. पण दोन ठिकाणी 'उचल' हा शब्द काळ्या शाईत आहे." ताई, तो शब्द मी वाद सुरू झाल्यावर लिहिला होता. त्या दोन रकमा भाचा आजारी होता तेव्हाच्या. मामा म्हणून दिल्या होत्या. परत मागायचं तेव्हा मनातही नव्हतं. तुम्ही मेहुण्यांसमोर त्याचा उच्चार केला नाहीत. पेन माझ्यापुढे ठेवलंत आणि मी ते दोन शब्द खोडले. तिसरी उचल खरी होती, तिची फेड अर्धी झाल्याची नोंदही होती. ती मेहुण्यांनी स्वतःहून मान्य केली, आणि त्यांची लेखी संमती घेऊनच ती वजा झाली.

त्याच संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "हे देणं आहे, देणगी नाही. देणगी देणाऱ्याच्या मर्जीने ठरते." मी याहून मोठी मदत कोणाकडून घेतलेली नाही.

ज्यावर वाद नाही ते आधी द्या, हा तुमचा आग्रह तेव्हा मला परवडणारा वाटत नव्हता. राहिलेला पगार, न घेतलेल्या रजा, त्यांनी खिशातून केलेला प्रवासखर्च, हे सगळं मी शेवटच्या सहीसाठी राखून ठेवलं होतं. हातात काहीतरी असावं म्हणून. तुम्ही म्हणालात, ते तुमच्या हातातलं नाहीच, ते त्यांचं आहे. आठवड्याच्या आत दिलं. कसलीही अट नाही, सही फक्त पोचपावतीवर. पुढच्या बैठकीला मेहुण्यांनी गोदामाच्या किल्ल्या आणि पुरवठादारांची यादी न मागता टेबलावर ठेवली. मी ती मागून मागून थकलो होतो.

धाकटीला तुम्ही मोकळं केलंत, ते आधीच सांगायला हवं होतं. चार महिने माझे निरोप ती त्यांना सांगायची आणि त्यांचे मला. दोन्हीकडची चीड वाटेत तिच्यावर सांडायची. बैठकीचा वार ठरला, आणि त्या वेळेबाहेर घरात कोणीही हा विषय काढायचा नाही असं ठरलं. पहिल्या आठवड्यात मीच मोडलं. धाकटी म्हणाली, "दादा, बुधवारी." दोनच शब्द, पण कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी आपणहून बोलली होती.

मसुदा माझ्या ओळखीच्या एकाने लिहून दिला होता, छापील नमुन्यावरून. त्यातली एक ओळ मी चांगली म्हणून वाचून दाखवली: मेहुणे आणि त्यांचे कुटुंबीय यांचा धंद्यावर यापुढे कोणताही हक्क वा दावा राहणार नाही. तुम्ही थांबवलंत. कुटुंबीय म्हणजे कोण? धाकटी. तिचा वडिलोपार्जित हिस्सा या एका ओळीने वादात सापडला असता, आणि तो विषय या टेबलावर आलाही नव्हता. माझ्या मनात तसं काही नव्हतं, शप्पथ. पण सही झाली असती आणि चार वर्षांनी ती ओळ कोणीतरी वर काढली असती, तर माझ्या मनात काय होतं हे कोण विचारणार होतं? ओळ बदलली: समझोता फक्त नोकरीतून निघणाऱ्या देण्यांपुरता, मालकीला त्याने बाधा नाही.

जामिनाचंही तुम्हीच काढलंत. सहा वर्षांपूर्वी यंत्रासाठी घेतलेल्या कर्जावर मेहुण्यांची सही जामीनदार म्हणून होती, आणि आम्ही दोघंही ते विसरलो होतो. नोकरी सुटली म्हणून जामीन आपोआप सुटत नाही, कर्ज देणाऱ्याने लेखी मोकळं करावं लागतं. म्हणजे माझा धंदा बुडाला असता तर ज्याला मी काढलं त्याच्या दारात वसुली गेली असती. ते ऐकल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसरा जामीनदार उभा करायला, कागद पुरे करायला एवढा वेळ लागला म्हणूनच हे पत्र आज येतंय.

बाकी कलमं सरळ होती. भरपाई एकरकमी झेपत नव्हती, म्हणून चार हप्ते, प्रत्येकाची तारीख, आणि हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम लगेच देणं लागेल ही अट. ती अट मी स्वतः घालायला सांगितली. बँकेतला त्यांचा सहीचा अधिकार त्याच दिवशी रद्द झाला. अनुभवपत्र मी लिहिलं, तुम्ही त्यातली विशेषणं काढून कामं लिहायला लावलीत. कामगारांना आणि ग्राहकांना काय सांगायचं ते एक वाक्य दोघांनी मिळून ठरवलं: काम कमी झाल्यामुळे ते पद बंद केलं. सही करायच्या आधी मेहुण्यांना कागद घरी नेऊन वाचायला पूर्ण आठवडा दिलात. मला घाई होती. त्या आठवड्यात त्यांनी रजेच्या दिवसांची एक चूक शोधली, त्यात माझंच दोन दिवसांचं देणं कमी झालं.

मेहुणे आता दुसरीकडे खरेदी बघतात. आमच्यात पूर्वीसारखं सगळं झालंय असं म्हणणार नाही. घरी येतात, बसतात, बोलतात. गोदामाचा विषय निघाला की दोघंही जरा जपून असतो. भाच्याने मात्र मधल्या काळात माझ्याशी बोलणं सोडलं नव्हतं, आणि त्याचं श्रेय त्याच्या वडिलांचं आहे. ही ओळ मी लिहिली होती ती मेहुण्यांनी खोडली होती. त्यांची ही एक दुरुस्ती मी मानलेली नाही.

तुम्ही मानधन घेतलंत ते ठरल्याप्रमाणे, दोघांकडून निम्मं निम्मं. वर काही द्यायचा प्रयत्न केला तेव्हा परत पाठवलंत. म्हणून हे पत्र, आणि सोबत कर्जाच्या त्या पत्राची प्रत. तुमच्या फाइलीत त्या कलमासमोरची जागा मोकळी होती, तिथे लावून टाका.

तुमचा कृतज्ञ,
धाकटीचा दादा