फ्रायबर्गहून, सेमिस्टर संपल्यावर

फ्रायबर्ग, जर्मनी
२७ फेब्रुवारी २०२५

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

शेवटचा पेपर परवा झाला. फोनवर सांगितलंच आहे, पण फोनवर आपलं बोलणं कसलं होतं? बाबा म्हणतात, "बरी आहेस ना? घे, आईशी बोल." आईचं "काय जेवलीस" पासून सुरू होतं आणि मामाकडच्या लग्नाच्या हॉलवर जाऊन थांबतं. मला जे सांगायचं असतं ते तसंच राहतं. म्हणून लिहायला बसले. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालंय, तेव्हा आई, तूच मोठ्यानं वाचून दाखव. आणि मधलं मधलं गाळू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

आधी मार्कांचं. एका विषयाचा निकाल लागलाय, १.७. बाबा, घाबरू नका. इथे आकडा जितका लहान तितका चांगला. १.० म्हणजे सगळ्यात चांगला, ४.० पर्यंत पास, ५.० म्हणजे नापास. शेजारच्या काकांना सांगताना एवढं आधी सांगा, नाहीतर लेआउटभर होईल की पोरगी जर्मनीत जाऊन पावणेदोन मार्क घेऊन आली.

पैशाची चिंता करू नका. व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवलेल्या पैशातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. त्यात खोलीचं भाडं, आरोग्य विमा, किराणा असं सगळं बसतं, फक्त हात आखडून राहावं लागतं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मिळतो, पण चार काड्यांचा. आलू-वांग्याच्या भाजीवर मी तो मोजून टाकते. सावजी मसाला संपत आलाय.

आता मुद्द्याचं.

हे गाव खाणीचं आहे, हे मी येण्याआधी सांगितलं होतं. ११६८ साली इथे चांदी सापडली आणि लोक आठशे वर्षं जमीन पोखरत राहिले. १९६९ मध्ये शेवटची खाण बंद झाली. आमचं विद्यापीठ १७६५ चं, मुळात खाणकाम शिकवायलाच काढलेलं. त्याची स्वतःची शिकायची खाण आहे, राइशे त्सेशे नावाची. नोव्हेंबरात आम्हाला तिथे नेलं. हेल्मेट, दिवा, बूट, मग पिंजऱ्यात उभं राहून दीडशे मीटर खाली.

बाबा, तुम्ही बत्तीस वर्षं कोळशाच्या खदानीत गेलात आणि मला एकदाही सांगितलं नाहीत की खाली अंधार कसा असतो. घरी यायचात, अंघोळ, जेवण, झोप. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाईट, एवढंच आम्हाला कळायचं. नाईट असली की दुपारी आई आम्हाला गप्प बसवायची. शिकवणाऱ्या सरांनी सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितले आणि डोळ्यासमोर धरलेला माझा हात मला दिसेना. काही पोरं हसायला लागली. इथला खडक 'नाईस' नावाच्या जातीचा, कडक. सपोर्टशिवाय कितीतरी जागी तसाच उभा आहे. तरी मी सवयीनं वर पाहत होते. तुम्ही काठीनं छत वाजवायचात ना? वाजण्यावरून ओळखायचात, भरीव की पोकळ. हे तुम्ही एकदाच बोलला होतात, तेही मला नाही, दादाला, त्याला अभ्यासाला बसवायला. मी दाराआड होते.

कॉलेजात मायनिंगला नाव घातलं तेव्हा आपलं भांडण झालं होतं. तुमचं म्हणणं होतं, मी खाली उतरलो ते तुम्ही वर राहावं म्हणून. त्यात कायदाही तुमच्या बाजूनं होता. १९५२ च्या खाण कायद्यानं बाईला जमिनीखाली काम करायला बंदीच होती. ती अट २०१९ मध्ये शिथिल झाली, लेखी संमती घेऊन. म्हणजे मी शिकत असतानाच. तुमचं तेव्हाचं म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही. पण मी जे शिकतेय ते कोळसा काढण्याचं नाही, खदान संपल्यावरचं आहे. ते मात्र तुम्हाला मी नीट सांगितलं नाही.

आपल्याकडे खदान बंद झाली म्हणजे काय होतं? पंप बंद, पंखा बंद, तोंडावर भिंत, माणसांची बदली. संपलं. इथे ती बंद झाली की खरा खर्च सुरू होतो. गावाखालचं पाणी वाहून न्यायला १८४४ ते १८७७ या काळात एक लांबलचक बोगदा खणला. खाणी बंद होऊन पन्नासावर वर्षं झाली, तरी त्यातून पाणी वाहतंच आहे आणि त्याची देखभाल करावीच लागते. राज्याचं खाण खातं याच गावात आहे, १५४२ पासूनचं. घर बांधायचं असलं की लोक तिथे विचारतात, आमच्या प्लॉटखाली पोकळी आहे का? आणि जुने नकाशे बघून त्यांना उत्तर मिळतं.

हे ऐकलं आणि मला आपलं चंद्रपूरजवळचं घुग्घुस आठवलं. २०२२ च्या ऑगस्टात ते अख्खं घर जमिनीत गेलं होतं. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी, बंद खदान. आई, तू तेव्हा चार दिवस विचारत होतीस, आपल्या घराखाली काय आहे? बाबा म्हणाले होते, काही नाही, झोप.

इथलं सगळंच चांगलं आहे असं मात्र समजू नका. जानेवारीत आम्हाला पूर्वेकडे लाउसित्झला नेलं. तिथे तपकिरी कोळशाच्या उघड्या खदानी होत्या, आपल्या पद्मापूर-दुर्गापूरसारख्या. त्यांत पाणी सोडून तलाव केलेत. झेन्फ्टेनबेर्गचा तलाव तर साठीच्या दशकापासून भरायला घेतलेला, आता तिथे उन्हाळ्यात लोक पोहतात. बघायला झकास. पण काही तलावांचं पाणी आंबट होतं, तर बोटीनं चुना टाकत राहावं लागतं. काही काठांवर जिवाला धोका अशा पाट्या आहेत. टाकलेली माती पाण्यानं एकदम पातळ होऊन सरकते. २००९ मध्ये नाख्टरश्टेट नावाच्या गावात तर तलावाकाठची घरंच घसरली, तीन माणसं गेली. एवढे नकाशे, एवढा पैसा असूनही. मला हे बघून एक प्रकारे बरं वाटलं, म्हणजे वाईटच, पण कळलं की हे कुणालाच सोपं गेलेलं नाही.

आई, तुझ्यासाठी एक गंमत. डिसेंबरात इथे साडेचारच्या आतच अंधार पडतो. तेव्हा घरोघर खिडकीत लाकडाच्या कमानीवर दिवे लावतात. खाणीतली माणसं अंधारात जायची, अंधारात यायची, त्यांना उजेडाची आस म्हणून. शिवाय खिडकीत मेणबत्ती धरलेल्या बाहुल्या असतात. घरात मुलगी असेल तर परी, मुलगा असेल तर खाणकामगार. वरच्या मजल्यावरच्या आजींनी समजावून सांगितलं. मी जुन्या बाजारातून दोन्ही घेतल्यात, येताना आणीन. आपल्या खिडकीत खाणकामगार माझा आणि परी दादाची. बँकेत एसीत बसतो, त्याला शोभेल.

येताना म्हणजे कधी, ते आता सांगते. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मी नाही. एप्रिलपासून पुढचं सेमिस्टर आहे आणि मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत तासावर काम मिळालंय, खाणीच्या पाण्याचे नमुने तपासायचं. तिकिटाचे पैसे वाचतील, हातात काही येतील. आई, रडू नकोस. यात्रेचा प्रसाद दादाच्या फ्रिजमध्ये ठेव म्हणणार नाही, तुम्हीच खा.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. मला प्रबंधाचा विषय यंदा ठरवायचाय आणि तो आपल्या भागातलाच घ्यायचाय, शहराखालच्या जुन्या खदानींवर. कागदावरचे नकाशे मी रीतसर मागणार आहे, मिळतील तितके मिळतील. पण नकाशात न येणारं बरंच तुम्हाला माहीत आहे. डिपिलरिंग, म्हणजे आधाराचे कोळशाचे खांब काढून घेणं, कुठे झालं, कुठे पिलर तसेच सोडले. पोकळीत वाळू भरायचं स्टोइंग कुठे पूर्ण झालं आणि कुठे पाइप तुंबला म्हणून अर्धवट राहिलं. गोफात, म्हणजे कोळसा काढून झालेल्या पोकळीत, पाणी कोणत्या बाजूनं यायचं. आग कुठे बंद केली. तुमच्याबरोबरचे जे काका अजून गावात आहेत, त्यांनाही बोलवा. ते पारावर बसून हेच तर बोलतात, फक्त लिहून ठेवत नाहीत. नावं नकोत, कुणावर काही ढकलायचं नाही. फक्त जागा आणि साल, आठवेल तसं. चुकलं तरी चालेल, मी पडताळून घेईन.

तुम्ही म्हणाल, माझ्या बोलण्याला तिथे कोण विचारतं. इथल्या सरांनी विचारलंय. वर्गात मी सांगितलं की माझे वडील ओव्हरमन होते, खदानीत खाली कामावर देखरेख करणारे, तर ते थांबले आणि म्हणाले, मग आधी त्यांच्याकडे जा, नकाशे नंतर बघ.

दम लागतो त्याचं काय झालं? मेडिकल कार्डावर तपासणी होते ना, मग एक्स-रे काढायला नागपूरला जायला टाळाटाळ का? आई, तू सोबत जा. दादाला सुट्टी मिळत नसेल तर मी त्याच्याशी बोलते.

नकाशा काढायला दादाच्या पोरीचे चार्टपेपर घ्या, वहीचं पान पुरणार नाही. महाकालीचं देऊळ आणि इरई नदी आधी मांडा, म्हणजे दिशा चुकणार नाहीत. फोटो काढून दादाला मेलवर पाठवायला सांगा. व्हॉट्सॲपवर पाठवला की अक्षरं पुसट होतात.

तुमची,
बेबी