मराठीतही अभिरूप न्यायालय भरवा

विधी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी अभिरूप न्यायालय (मूट कोर्ट, म्हणजे काल्पनिक खटल्यावर सरावासाठी केलेला युक्तिवाद) स्पर्धा जिंकल्याच्या बातम्या वाचून मनापासून आनंद होतो. महिनोन्महिने निवाडे वाचून, लेखी युक्तिवाद तयार करून न्यायाधीशांच्या उलटसुलट प्रश्नांना उभ्याउभ्या उत्तरे देणे सोपे नाही. मात्र या स्पर्धा बहुतेक इंग्रजीतच होतात. राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा 1998च्या अधिसूचनेपासून मराठी आहे. दावा, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), साक्षीपुरावा, उलटतपासणी हे सारे तालुक्याच्या कोर्टात मराठीत चालते आणि बहुतेक नव्या वकिलांची सुरुवातही तिथेच होते. ढाली मिळवलेला हुशार मुलगा तिथे साध्या मनाई अर्जाच्या (एखादी कृती थांबवण्यासाठी कोर्टाकडे केलेल्या अर्जाच्या) मसुद्यापाशी अडतो, हे आम्ही जुने वकील पाहतो आणि वाईट वाटते.

9 नोव्हेंबरला राष्ट्रीय विधी सेवा दिन, 26ला संविधान दिन. त्या निमित्ताने महाविद्यालयांत व्याख्याने, शिबिरे होतीलच. त्यांत एक मराठी अभिरूप न्यायालय, तेही दिवाणी दाव्याचे, जरूर ठेवावे. शिबिरांत विद्यार्थ्यांनी एवढे तरी सांगावे, की 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनेक जणींना हे आजही ठाऊक नसते.

– एक वकील, सातारा