चमकी डोळ्यांसाठी आहे की नाही, एवढं तरी ठळक छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरच्या पुरवण्यांमध्ये डोळ्यांच्या मेकअपवर काही आलं की एक वाक्य हमखास असतं, स्वस्तातलं वापरू नका, डोळ्यांचा प्रश्न आहे, चांगल्या ब्रँडचंच घ्या. काळजीपोटीच लिहितात हे मान्य आहे, पण एवढंच लिहून थांबलं की वाचणाऱ्या मुलीच्या हातात काहीच पडत नाही. जिला महागातलं परवडत नाही ती काही शिमर लावायचं सोडत नाही, ती स्वस्तातलंच घेते, फक्त आता घाबरत घेते आणि नक्की काय बघून घ्यायचं हे तिला कोणीच सांगितलेलं नसतं. मी स्वतः स्वस्तातल्या शिमर आणि ग्लिटर शेड्स आवडीने वापरते, मैत्रिणींना लावून देते, नवीन काही दिसलं की आधी पाठीमागची यादी वाचते, आणि त्यावरून माझं मत पक्कं झालंय की किंमत बघून डोळ्याला काय चालेल ते ठरत नाही. आत काय आहे आणि ते डोळ्यांसाठी बनवलंय का, यावर ठरतं, आणि नेमकं हेच वेष्टनावर सगळ्यात बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच.

आधी शिमर आणि ग्लिटर वेगळं करूया कारण दुकानात दोन्हीला चमकीच म्हणतात. शिमर म्हणजे बहुतेक वेळा अभ्रकाचे अगदी पातळ पापुद्रे, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा आयर्न ऑक्साइडचा थर दिलेला असतो, त्या थराच्या जाडीप्रमाणे प्रकाश वेगवेगळा परततो म्हणून कधी चंदेरी, कधी गुलाबी, कधी निळसर झाक दिसते. मान हलवली की रंग बदलतो त्या ड्युओक्रोम शेड्सच्या मागेसुद्धा मुख्यतः हाच खेळ असतो. अशा शिमरचे कण साधारण १० ते ६० मायक्रॉनचे म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा बहुधा लहानच. पाकिटाच्या मागे मायका म्हणजे अभ्रक किंवा सीआय ७७०१९ (सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगांच्या यादीतला क्रमांक), टायटॅनियम डायऑक्साइड किंवा सीआय ७७८९१, आयर्न ऑक्साइड म्हणजे सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असं लिहिलेलं दिसतं, आणि खरं सांगते, एक स्वस्त आणि एक महाग पॅलेट शेजारी शेजारी ठेवून मागची यादी वाचून बघा, ही नावं दोन्हीकडे सापडतात.

मग फरक कुठे पडतो? पिगमेंट म्हणजे रंगद्रव्य किती घातलंय, टाल्कसारखा भरीचा माल किती आहे, आणि सगळं धरून ठेवणारं तेल किंवा सिलिकोन कसं आहे यात. म्हणून स्वस्त शेड बऱ्याचदा कोरड्या ब्रशवर येतच नाही, किंवा आली तरी गालभर सांडते, आणि मुलगी म्हणते फालतू आहे, टाकून दे. पण तीच शेड बोटाने लावून बघा ना. अनामिकेचं टोक शेडवर हलकं दाबून फिरवायचं, बोटाच्या उबेने ती थोडी मऊ पडते आणि टोकावर धातूचा पत्रा चिकटावा तशी एकसंध चकाकी येते, मग पापणीच्या मधोमध बोट ठेवून दाबायचं आणि उचलायचं, घासायचं अजिबात नाही, घासलं की कण विखुरतात आणि खालची त्वचा दिसायला लागते. कडांना तेवढा लहान ब्रश, तोही सेटिंग स्प्रेने, म्हणजे मेकअप टिकवायला मारतात त्या फवाऱ्याने, किंचित ओला केलेला, आणि स्प्रे ब्रशवर मारायचा, शेडवर मारला तर वरचा थर कडक होतो. कडक झालाच तर चिकटपट्टी हलकी लावून उचलली की वरची साय निघून येते आणि शेड परत पहिल्यासारखी चालते.

अजून एक, खाली काहीतरी हवंच. आय प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवायला पापणीवर आधी लावतात ते क्रीम, असेल तर उत्तम, नसेल तर डाग झाकायच्या कन्सीलरचा अगदी पातळ थर, आणि इथे मॅट म्हणजे बिनचमकीच्या शेडच्या सवयीने त्यावर पावडर लावू नका, थोडा ओलसर चिकटपणा राहू द्या, शिमर त्यालाच धरून बसतं. पेट्रोलियम जेलीवर लावायचा सल्ला फिरत असतो, फोटोपुरतं छान दिसतं पण थोड्या वेळाने सगळं पापणीच्या घडीत जमा होतं आणि तिथून डोळ्यात उतरतं, त्यामुळे मला तो पटत नाही. आणि डोळे आधी करा, फाउंडेशन नंतर, म्हणजे खाली सांडलेलं पुसता येतं.

आता ग्लिटर. इथे मात्र मी कोणाला बिनधास्त घ्या असं म्हणणार नाही. ग्लिटर म्हणजे बहुतेक वेळा पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट नावाच्या प्लॅस्टिकची पातळ फिल्म, तिला अॅल्युमिनियमचा मुलामा आणि वर रंग, आणि मग तिचे बारीक बारीक तुकडे. मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्यातून एक कण बघितला ना तर सरळ षटकोनी टिकली दिसते, सहा कोपरे असलेली, कारण त्या आकारात कापलं की फिल्म वाया जात नाही. ते कोपरे बोटाला जाणवत नाहीत पण बुबुळाच्या वरच्या नाजूक पडद्याला जाणवतात, तिथे ओरखडा पडू शकतो, आणि ओरखड्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. हस्तकलेचं ग्लिटर तर अजून मोठं आणि ओबडधोबड, ते ग्रीटिंग कार्डासाठी असतं, त्याचे रंग चेहऱ्यासाठी म्हणून तपासलेले नसतात, आणि तरी कित्येक मुली तेच लावतात कारण डबीत ठेवलं की दोन्ही सारखंच दिसतं. यात त्या मुलींचा दोष मला तरी दिसत नाही. डबीवर कुठे लिहिलेलं असतं का की हे डोळ्यांपासून लांब ठेवा? असलं तर तळाला, भिंग घेऊन वाचावं लागेल इतकं बारीक.

आणि महागात हा प्रश्न नाही असं तर मुळीच नाही. अमेरिकेत डोळ्यांभोवती वापरायच्या रंगांना वेगळी परवानगी लागते, ओठांना चालणारा प्रत्येक रंग डोळ्यांना चालतोच असं तिथला कायदा मानत नाही, विशेषतः काही भडक लाल, गुलाबी, जांभळे रंग. म्हणून मग काही कंपन्या त्या शेडला आयशॅडो न म्हणता प्रेस्ड पिगमेंट म्हणतात आणि मागे लिहितात की डोळ्यांच्या लगतच्या भागासाठी नाही. पुढच्या बाजूला मात्र डोळ्यांच्या पॅलेटसारखंच रूप, तसाच आरसा, तसाच ब्रश. हे बऱ्यापैकी नावाजलेल्या, महागड्या पॅलेटमध्येही असतं. मग जिने चांगल्या ब्रँडचंच घ्या हा सल्ला मनापासून पाळला तिला त्याचा काय उपयोग झाला?

ग्लिटर लावायचंच असेल, आणि लावावं, मला स्वतःला ते फार आवडतं, तर माझ्या मते सुट्या पावडरीपेक्षा जेलमधलं किंवा लिक्विड ग्लिटर नवशिक्यांसाठी बरं. त्यात कण आधीच एका चिकट द्रवात बसलेले असतात, वाळल्यावर पातळ पापुद्रा होतो आणि कण उडत नाहीत. एकच थर, पापणीच्या मध्यावर, पापण्यांच्या केसांपासून थोडं वर, आणि वाळेपर्यंत डोळा अर्धा मिटून खाली बघत राहायचं, लगेच वर बघितलं की घडीत चीर पडते आणि मग तिथून पोपडे सुटायला लागतात. आतल्या कोपऱ्यात, अश्रू येतात त्या जागी, ग्लिटर नको, तिथे बारीक शिमर तितकंच सुंदर दिसतं. खालच्या पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर यातलं काहीच नको. सुटं ग्लिटर असेल तर त्यासाठी ग्लिटर ग्लू मिळतो तो वापरा, कागद चिकटवायचा डिंक डोळ्यांजवळ आणू नका, कितीही जणी म्हणू देत की मला काही झालं नाही.

लेन्स वापरणाऱ्या मुलींनी तर जास्तच जपायला हवं कारण लेन्सखाली कण अडकला की तो तिथेच घासत राहतो. लेन्स आधी घालायची, मेकअप नंतर. काढताना लेन्स आधी, हात धुऊन, आणि मग मेकअप. आणि कण गेलाच डोळ्यात तर चोळायचं नाही, हे मी हात जोडून सांगते, चोळण्यानेच ओरखडा पडतो, लेन्स असेल तर काढून स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा, आणि तरी टोचणं, लाली, उजेडाचा त्रास राहिला किंवा अंधुक दिसायला लागलं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, सकाळपर्यंत बघू असं करायचं नाही.

काढण्याबद्दल लेखांमध्ये फार कमी येतं आणि गडबड तिथेच जास्त होते. कोरड्या कापसाने पुसलं की सगळे कण पापणीवरून ओढले जातात. तेलाचा अंश असलेला रिमूव्हर किंवा क्लेन्झिंग बाम कापसावर घेऊन मिटलेल्या डोळ्यावर थोडा वेळ नुसता ठेवायचा, मग वरून खाली एकदाच ओढायचं, कापसाची बाजू बदलायची, परत. चिवटपणे बसलेले कण चिकटपट्टीने उचलता येतात पण गालावरचे, पापणीवर चिकटपट्टी नको, तिथली त्वचा शरीरातली सगळ्यात पातळ त्वचा आहे. नवीन शेड आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावून एक दिवस बघा. डबीवर उघड्या झाकणाच्या बरणीचं चित्र आणि त्यात १२एम वगैरे लिहिलेलं असतं, तेवढे महिने उघडल्यानंतर वापरायचं, लिक्विड आणि क्रीमच्या बाबतीत हे नीट पाळा. आणि कोणाचा डोळा आलेला असेल तर ब्रश, पॅलेट काहीही एकमेकींना द्यायचं नाही, मैत्रीण रागावली तरी चालेल.

थोडं विषयाला सोडून, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. शिमरमधलं अभ्रक जमिनीतून निघतं आणि आपल्याच देशातल्या झारखंड, बिहारच्या पट्ट्यात ते वेचायला लहान मुलं जातात हे अनेकदा उघड झालेलं आहे, जगभरातल्या कंपन्यांनी त्यासाठी २०१७ मध्ये रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह नावाची संस्थाही उभी केली. पापणीवरची चकाकी कोणाच्या हातून आलीये हे कळायचा हक्क वापरणारीला आहेच, आणि हाही प्रश्न फक्त स्वस्त पॅलेटचा नाही. यादीत सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट दिसलं तर ते कारखान्यात बनवलेलं अभ्रक असतं, ते स्वस्तातल्या शेड्समध्येही सापडतं आणि चमकतंही सुरेख. तसंच प्लॅस्टिक ग्लिटरचं, ते धुतलं की पाण्याबरोबर वाहून जातं, नाहीसं होत नाही, युरोपियन युनियनने १७ ऑक्टोबर २०२३ पासून सुटं प्लॅस्टिक ग्लिटर विकायला बंदी घातली, मेकअपमधल्या प्लॅस्टिक कणांना मात्र २०३५ पर्यंत मुदत दिलीये. म्हणजे अजून बरीच वर्षं हे आपल्या पापण्यांवर असणार आहे.

म्हणून माझं म्हणणं बनवणाऱ्यांना आहे आणि तुमच्या मार्फत ते पोचावं अशी इच्छा आहे. डबीच्या पुढच्या बाजूला, शेडच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात, घेणारीला वाचता येईल अशा भाषेत दोन गोष्टी छापा, हे डोळ्यांवर चालतं की नाही, आणि यातली चमक खनिजाची आहे की प्लॅस्टिकची. यात कोणाची किंमत वाढत नाही, शाई तेवढीच लागते. आज सोनेरी अक्षरात शेडचं लाडिक नाव छापायला जागा असते आणि डोळ्यांपासून दूर ठेवा एवढं लिहायला नसते, याचा मला खरंच राग येतो, कारण या डब्या घेणाऱ्यांत पहिल्यांदाच मेकअप करणाऱ्या कोवळ्या वयाच्या मुली खूप असतात.

आणि तुम्हाला एक विनंती. पुरवणीत पुढच्या वेळी ब्रँडची नावं आणि काय ट्रेंडमध्ये आहे ते छापाल तेव्हा शेजारी एक छोटी चौकट द्या, एखाद्या नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घेतलेली, कापून डबीत ठेवता येईल एवढी. त्यात यादीतली ही चार-पाच नावं मराठीत असू देत, काय डोळ्याला चालतं आणि काय नाही ते असू दे, आणि कण डोळ्यात गेला तर काय करायचं हे सगळ्यात वर, ठळक टाइपात.

आपली नम्र,
एक नियमित वाचक