दुपारी अडीच वाजता बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. शहरात घर परवडत नाही, बाहेर घेतलं तर रोज जाण्यायेण्यात दोन तास जाणार, ही तुझी अडचण खरीच आहे. पण पुढे तू लिहिलंस, "त्या गावांना ना इतिहास, ना चेहरा, नुसती झोपायची गावं." ते वाक्य मनाला लागलं. मी अशाच एका गावात वाढलो. म्हणून हे लांबलचक उत्तर. सवडीने वाच.

माझे वडील एकतीस वर्षं सकाळी सात बावीसची गाडी पकडायचे. संध्याकाळी परत यायला आठ व्हायचे. त्यांचा पास प्लास्टिकच्या पाकिटात असे. दाखवताना अंगठा नेमका जिथे यायचा, तिथे ते पाकीट घासून दुधी झालं होतं. पास जुना झाला की नवा त्याच पाकिटात. आम्ही त्या गावात का राहतो, दुसरीकडे का नाही, याचं उत्तर त्या पाकिटात होतं. ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

रोज कामाला ये-जा करणाऱ्याला इंग्रजीत 'कम्यूटर' म्हणतात, तो शब्दच बघ ना. 1840 च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या रोज ये-जा करणाऱ्यांना सवलतीचा पास देऊ लागल्या. रोजच्या तिकिटांची बेरीज 'कम्यूट' करायची, म्हणजे घटवून एकच रक्कम घ्यायची. फाशीची जन्मठेप करतात, तेव्हा इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात. त्या तिकिटावरून माणसाला नाव पडलं. अशा गावांचा इतिहास किल्ल्यात किंवा देवळात शोधायला गेलास तर हाती काही लागणार नाही. तो तिकिटाच्या दरात आणि वेळापत्रकात आहे.

लंडनचं उदाहरण सांगतो. ग्रेट ईस्टर्न रेल्वेला शहराच्या आत लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकापर्यंत रूळ न्यायचे होते. त्यासाठी गरिबांची घरं पाडावी लागणार होती. संसदेने 1864 च्या कायद्यात अट घातली, की कंपनीने कामगारांसाठी स्वस्त गाड्या चालवाव्यात. एडमंटन आणि वॉल्थमस्टोहून जाऊन-येऊन दोन पेन्स. हे तिकीट फक्त पहाटेच्या गाड्यांना चाले. पण तेवढ्यानेच त्या दिशेला कष्टकऱ्यांच्या घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढे 1883 साली स्वस्त गाड्यांचा कायदाच झाला. याच शहराच्या वायव्येला मात्र वेगळंच घडलं. तिथल्या मेट्रोपॉलिटन रेल्वेला रुळांलगतची जादा जमीन स्वतःकडे ठेवायची मुभा होती. बाकीच्या कंपन्यांना ती विकून टाकावी लागे. मग या कंपनीने तिथे घरं बांधवली आणि 1915 पासून 'मेट्रोलँड' या नावाने जाहिरातीच्या पुस्तिका काढल्या. बाग, मोकळी हवा आणि थेट शहरात नेणारी गाडी. एकाच शहराच्या दोन बाजू, पण एकीकडे पहाटेच्या तिकिटाने गाव घडवलं आणि दुसरीकडे जमिनीच्या मालकीने. दोन्हीकडची माणसं रोज शहरात जात होती, पण गावांचे स्वभाव आजन्म वेगळे राहिले.

मला सगळ्यात जास्त ओढ मात्र जपानचे रेल्वे उद्योजक कोबायाशी इचिझो यांच्या कामाची आहे. 1910 साली त्यांच्या कंपनीने ओसाकातल्या उमेदापासून ताकाराझुकापर्यंत विजेची गाडी सुरू केली. वाटेत शेतं आणि लहान गावं, प्रवासी कुठून मिळणार? त्यांनी आधीच रुळांकाठच्या जमिनी घेऊन ठेवल्या होत्या. त्याच वर्षी त्यांनी वाटेतल्या इकेदाला घरं बांधून हप्त्यांवर विकायला काढली. नोकरदार माणसाला आयुष्यभराची पुंजी एकदम न ओतता घर मिळू लागलं. इथवर ठीक, हे इतरांनीही केलं. त्यांची खरी समज पुढे दिसते. सकाळी गाडी शहराकडे भरून जाते आणि उलटी रिकामी येते. दुपारी तर दोन्हीकडे रिकामी. रूळ, डबे, माणसं, सगळ्यांचा खर्च दिवसभराचा आणि कमाई चार तासांची. या रिकाम्या गाडीचं काय करायचं, हा प्रश्न रोज ये-जा करणाऱ्यांच्या प्रत्येक गावाला आणि प्रत्येक कंपनीला आजही छळतो. कोबायाशींनी शहराच्या उलट्या टोकाला, ताकाराझुकाला, 1911 साली गरम पाण्याची स्नानगृहं काढली. तिथला पोहण्याचा तलाव चालला नाही, म्हणून तलाव झाकून तिथे नाट्यगृह केलं. 1914 साली मुलींच्या संगीत मंडळीचा पहिला प्रयोग त्याच नाट्यगृहात झाला. ती मंडळी आजही आहे. मग 1929 साली शहराच्या टोकाला, उमेदा स्थानकातच, मोठं दुकान उघडलं, म्हणजे दुपारी घरातल्या बायकाही गाडीत बसू लागल्या. हे सगळं नफ्यासाठी होतं, मान्य. पण गावाची दुपार भरायला हवी हे त्या माणसाने ओळखलं होतं.

मला म्हणायचंय ते हेच. सकाळी आणि रात्री ही सगळी गावं सारखीच दिसतात. घाईत निघालेली माणसं, थकून परतलेली माणसं. गाव कसं आहे ते दुपारी कळतं.

अमेरिकेत 1947 पासून न्यूयॉर्कजवळच्या बटाट्याच्या शेतांवर लेव्हिटटाउन उभं राहिलं. बांधकामाच्या एकेका टप्प्याची वेगळी टोळी, ती घरामागून घर पुढे सरकत जाई. चारेक वर्षांत 17,000 हून अधिक घरं झाली. युद्धावरून परतलेल्या लाखो जवानांना घराची गरज होती आणि त्यातल्या हजारोंची ती इथे भागली, हे विसरून चालणार नाही. पण सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज कुणालाही राहू द्यायचं नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. 1957 साली पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये मायर्स हे काळं कुटुंब राहायला आलं, तेव्हा घराबाहेर जमाव जमला आणि दगडफेक झाली. तेव्हा मित्रा, ज्या गावाला चेहरा नाही असं तू म्हणतोस, त्यालाही आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवण्याचा इतिहास असतोच. घर घेताना तोही विचारून बघ. कुणाला घर देत नाहीत हे लोक आनंदाने सांगतात, कारण त्यांना त्यात काही गैर वाटत नाही, आणि तेवढ्यातच तुला कळून चुकेल.

काम आणि घर एकाच गावात आणायचेही प्रयत्न झाले. स्टॉकहोमजवळचं व्हेलिंगब्यू 1954 साली याच विचाराने सुरू झालं: काम, घर आणि बाजारपेठ एकत्र. बाजारपेठ छान चालली, घरंही भरली, पण कामाला पुष्कळ लोक शहरातच जात राहिले. नवराबायको दोघं नोकरी करणार, दर काही वर्षांनी नोकरी बदलणार, तर काम घराशेजारी कुठवर टिकणार? त्यामुळे तुझ्या दोन तासांचं मला फारसं नवल नाही. मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने 1994 साली मांडलं होतं, की माणूस साधारण रोज तासभर प्रवासाला देतो. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, अंतर वाढतं. तुझा प्रवास याच्या दुप्पट होईल. तो फरक तुझ्या झोपेतून जाईल किंवा मुलीच्या वाट्याच्या वेळातून. हा हिशोब कागदावर मांड, आणि वहिनींच्या समोर मांड.

आता परत वडिलांकडे येतो. गावात त्यांना ओळखणारे थोडे. शेजारच्या घरातल्या मुलाचं नाव त्यांना येत नसे. पण गाडीच्या मागून तिसऱ्या डब्यात त्यांचं एक अख्खं गाव होतं. ते गेले तेव्हा अकरा माणसं आली, आम्ही त्यातल्या एकालाही कधी पाहिलं नव्हतं. त्यांना माझी बारावीची टक्केवारी माहीत होती, आईचं गुडघ्याचं दुखणं माहीत होतं. एकाने माझा हात धरून नुसतं म्हटलं, "खिडकीची जागा आम्ही त्यांचीच म्हणायचो." म्हणजे अशा गावाचा अर्धा भाग रुळांवर असतो. नकाशात तो दिसत नाही, एवढंच.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी ते नेहमीसारखे साडेपाचला उठले, दाढी केली, बूट घातले आणि खुर्चीत बसून राहिले. आई काही बोलली नाही. दुपारी जेवण झाल्यावर मला म्हणाले, "चल, फिरून येऊ." आम्ही शाळेच्या मागच्या रस्त्याने गेलो. वळणावर एक जुना पिंपळ आहे, पार बांधलेला. तिथे थांबले आणि विचारलं, "हे झाड कधीपासून आहे इथे?" मी त्या पारावर लहानपणी रोज खेळलो होतो. मी सांगितलं, "पहिल्यापासून." ते बराच वेळ वर बघत राहिले. पारावर दोघं म्हातारे बसले होते, त्यांनी सरकून जागा करून दिली. दुसऱ्या दिवसापासून वडील एकटेच जाऊ लागले.

म्हणून पार हवा. टोक्योजवळच्या तामा नव्या शहरात पहिले रहिवासी 1971 साली आले, बहुतेक तरुण जोडप्यांचे संसार. ती पिढी एकदमच म्हातारी झाली. बऱ्याच पाच मजली इमारतींना लिफ्ट नाही, आणि मुलं कमी झाल्याने काही शाळा बंद झाल्या. घर बघताना तू आज गाडीची वेळ बघतो आहेस, ती बघच. पण जिना किती, सावलीत बसायला जागा कुठे, दवाखाना चालत गाठता येतो का, आणि मुलीला शाळेतून सुटल्यावर एकटीला कुठवर जाता येईल, हेही बघ.

आणि दलालाबरोबर रविवारी जाऊ नकोस. रविवारी सगळेच घरी असतात. कामाच्या दिवशी जा, दुपारी अडीचला पोहोच, दोन तास नुसता हिंड. मग संध्याकाळी लगेच शहरात न परतता, शहरातून तिकडे येणाऱ्या गाडीची वाट बघत फलाटावर उभा राहा आणि उतरणाऱ्यांचे चेहरे बघ. येत्या मंगळवारी मला सुट्टी आहे. तुझं जमत असेल तर कळव, मी येतो. स्थानकाच्या पुलाखाली भेटू.

वहिनींना नमस्कार, छोटीला खूप प्रेम.

तुझा,
जुना बाकमित्र